हातातल्या यंत्रावरचा बेसबॉल

हातात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर बेसबॉल खेळण्याची सुरुवात १९७८ साली अमेरिकेत झाली. पुढच्या चाळीस वर्षांत हा खेळ लाल दिव्यांच्या ठिपक्यांवरून करड्या पडद्यावर, तिथून रंगीत पडद्यावर आणि शेवटी मोबाइलच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त खेळण्यात आला. जिथे बेसबॉलचे मैदान आखलेले नाही आणि त्याचे सामने कुणी पाहत नाही, अशा भागांतही तो पोहोचला. सातपुड्याच्या डोंगरात आणि तापीच्या खोऱ्यात पसरलेला नंदुरबार जिल्हा हे अशा भागांचे चांगले उदाहरण आहे. खेळ लोकप्रिय आहे म्हणून हा प्रसार झाला असे दिसत नाही. त्याची कारणे सेल, चिप आणि मेमरी यांच्या हिशोबात सापडतात. छोट्या यंत्रात मावावे म्हणून बेसबॉलमधून काय वगळले गेले आणि वगळल्यावरही काय उरले, हाच या इतिहासाचा गाभा आहे.

मूळ खेळ आणि त्याचा गाभा

बेसबॉल हा नऊ जणांच्या दोन संघांचा खेळ. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात आणि एका बेसपासून पुढच्या बेसपर्यंतचे अंतर ९० फूट असते. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. तो बॅटरपासून ६० फूट ६ इंचांवर उभा राहून चेंडू जमिनीवर टप्पा न पाडता थेट फेकतो. बॅटरने तो टोलवायचा आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसवरून धावत घरच्या बेसवर परत यायचे. फेरी पुरी झाली की एक धाव मिळते. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद होतो. चार वाईट चेंडू पडले तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. तीन जण बाद झाले की डाव बदलतो आणि प्रत्येक संघाचे असे नऊ डाव होतात.

क्रिकेटशी तुलना केली तर एक फरक चटकन लक्षात येतो. क्रिकेटमध्ये फलंदाज चेंडू कोणत्याही दिशेला वळवू शकतो. त्यासाठी त्याच्याकडे बचावात्मक खेळापासून षटकारापर्यंत डझनभर फटके असतात आणि चेंडू अडवून तो दिवसभर उभाही राहू शकतो. बेसबॉलमध्ये चेंडू समोरच्या मर्यादित पट्ट्यातच मारावा लागतो, फटका मुख्यतः एकच असतो आणि बॅट फिरवायची की नाही हा निर्णय अर्ध्या सेकंदाच्या आत घ्यावा लागतो. म्हणजे खेळाचा बराचसा भार एकाच प्रश्नावर येतो: बॅट कोणत्या क्षणी फिरवायची? हा प्रश्न एका बटणावर सोडवता येतो. इलेक्ट्रॉनिक खेळ बनवणाऱ्यांना बेसबॉल इतक्या लवकर का सापडला, याचे उत्तर या रचनेत आहे.

पडद्याआधी

बेसबॉल घरात आणण्याचे प्रयत्न इलेक्ट्रॉनिक्सच्या आधीपासून चालू होते. या खेळात प्रत्येक चेंडूची नोंद ठेवता येते, त्यामुळे प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीचे आकडे उपलब्ध असत. ईथन ॲलन या माजी खेळाडूने १९४१ साली बाजारात आणलेल्या ‘ऑल-स्टार बेसबॉल’ या खेळात प्रत्येक खेळाडूसाठी पुठ्ठ्याची एक गोल चकती होती. चकतीवरचे भाग त्या खेळाडूच्या खऱ्या आकड्यांच्या प्रमाणात आखलेले असत आणि मधला काटा फिरवून फटक्याचा निकाल लागे. १९६१ साली हॅल रिचमन यांचा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा पत्त्यांचा आणि फाशांचा खेळ आला. त्याच वर्षी जॉन बर्जेसन यांनी आयबीएम १६२० या संगणकावर बेसबॉलचा सामना चालवणारा प्रोग्राम लिहिला. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना कॉलेजात डॉन डॅग्लो या विद्यार्थ्याने पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर आणखी पुढचा प्रोग्राम तयार केला. या सगळ्यांत आकडेमोड होती, पण हाताचा वेग कुठेच नव्हता. तो पुढच्या टप्प्यावर आला.

लाल ठिपके

मॅटेल या अमेरिकी खेळणी कंपनीने १९७६ साली ‘ऑटो रेस’ हा हातात धरून खेळायचा पहिला पूर्ण इलेक्ट्रॉनिक खेळ विक्रीला आणला. त्यात गणकयंत्रासाठी बनवलेली चिप वापरली होती आणि प्रोग्राम अवघ्या ५१२ बाइटमध्ये बसवला होता. १९७७ मध्ये ‘फुटबॉल’ आणि १९७८ मध्ये ‘बेसबॉल’ त्याच मार्गाने आले. या यंत्रांत चित्र असे काही नव्हते. प्लॅस्टिकच्या आवरणावर मैदान छापलेले असे आणि त्याच्या खाली लाल एलईडी दिवे बसवलेले असत. एकामागून एक दिवा लागत गेला की चेंडू पुढे सरकला असे समजायचे. धावणारा खेळाडूही एक लाल ठिपकाच होता. बाकीचे सगळे खेळणाऱ्याच्या कल्पनेवर सोपवलेले होते.

या यंत्रांचा खप पाहून इतर कंपन्याही उतरल्या. एन्टेक्सचा ‘बेसबॉल’ १९७९ मध्ये आला. कोलेकोने १९८० मध्ये दोघांना समोरासमोर बसून खेळता येईल असे यंत्र काढले. मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९७९ मध्ये आणलेल्या ‘मायक्रोव्हिजन’मध्ये खेळ बदलण्याची सोय होती. त्याचा पडदा आडवे १६ आणि उभे १६ इतक्याच चौकोनांचा होता, तरी त्यासाठीही बेसबॉलचा एक खेळ निघाला.

एलईडी दिव्यांचे दोन तोटे होते. ते वीज भरपूर खात आणि उन्हात नीट दिसत नसत. मायक्रोव्हिजनमधला द्रवस्फटिकाचा पडदा, म्हणजे एलसीडी, अत्यल्प विजेवर चाले आणि उजेडात अधिक स्पष्ट दिसे. अंधारात मात्र तो वाचता येत नसे. हातातल्या खेळांचे भवितव्य या दुसऱ्या पडद्याने ठरवले.

जपानची भर

जपानमध्ये बेसबॉल १८७२ च्या सुमारास होरेस विल्सन या अमेरिकी शिक्षकामुळे आला. १९१५ पासून शाळांची राष्ट्रीय स्पर्धा आणि १९३६ पासून व्यावसायिक लीग सुरू झाली. त्यामुळे जपानी कंपन्या खेळयंत्रे बनवू लागल्या तेव्हा बेसबॉल त्यांना घरचाच होता.

क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीतील अभियंते गुनपेई योकोई यांनी बुलेट ट्रेनमध्ये एका प्रवाशाला वेळ घालवण्यासाठी गणकयंत्राची बटणे दाबत बसलेले पाहिले आणि त्यातून त्यांना खिशातल्या खेळाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १९८० मध्ये त्यांची ‘गेम अँड वॉच’ ही मालिका सुरू झाली. या मालिकेची ४ कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. योकोई यांचे सूत्र साधे होते. अगदी नवे, महाग तंत्रज्ञान घेण्याऐवजी जुने, स्वस्त झालेले आणि पुरते पारखलेले भाग घ्यायचे आणि त्यांचा नवा उपयोग शोधायचा. पुढे हे सूत्र योकोई यांच्या कल्पनेपलीकडच्या बाजारांतही लागू पडले.

१५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोचा ‘फॅमिकॉम’ हा टीव्हीला जोडायचा संच जपानमध्ये विक्रीस आला आणि ७ डिसेंबर १९८३ रोजी त्यावर ‘बेसबॉल’ हा खेळ निघाला. त्याच्या रचनेत शिगेरू मियामोतो यांचा सहभाग होता. खेळात सहा संघ होते आणि त्यांची ओळख जपानच्या सेंट्रल लीगमधल्या संघांच्या आद्याक्षरांनी दिली होती. या एका खेळाकडे जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण भारतातल्या बहुसंख्य मुलांच्या हाती जो बेसबॉल पडला तो हाच.

पडद्यावर आधी बॅटरच्या पाठीमागून दिसणारे दृश्य येते. वरच्या बाजूला पिचर असतो आणि खालच्या बाजूला बॅट घेतलेला खेळाडू. गोलंदाजी करणाऱ्याने चेंडू सोडताना खालचे बटण दाबले तर तो वेगात जातो, वरचे दाबले तर संथ होतो आणि डावे-उजवे दाबले तर वळतो. फलंदाजाने आपल्या चौकोनात थोडे डावी-उजवीकडे सरकायचे आणि योग्य क्षणी एक बटण दाबून बॅट फिरवायची. चेंडू उंच आहे की खाली, हा खऱ्या बेसबॉलमधला मोठा प्रश्न इथे उरतच नाही. बॅट चेंडूला लागली की दृश्य बदलते आणि वरून पाहिलेले सगळे मैदान दिसते. क्षेत्ररक्षक आपोआप चेंडूकडे धावतात, त्यांना हलवता येत नाही. चेंडू हाती आल्यावर तो कुठे फेकायचा, एवढेच खेळणारा ठरवतो. त्यासाठी दिशादर्शक बटणांचा चौकोन म्हणजेच मैदान मानलेले आहे. उजवीकडे पहिला बेस, वर दुसरा, डावीकडे तिसरा आणि खाली घरचा बेस. मैदानाचा नकाशा असा थेट अंगठ्याखाली आणल्यामुळे ज्याला नियम ठाऊक नाहीत त्यालाही दोन-चार डावांत फेकी जमू लागतात.

हा सगळा खेळ २४ किलोबाइटमध्ये बसला होता. १६ किलोबाइट प्रोग्रामला आणि ८ किलोबाइट चित्रांना. मोबाइलवर काढलेला आजचा एक फोटोदेखील याच्या कित्येक पट जागा घेतो.

गेम बॉय आणि चार सेल

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये ‘गेम बॉय’ विक्रीस आला. किंमत १२,५०० येन होती. त्याच्यासोबत पहिल्याच दिवशी चार खेळ मिळत होते आणि त्यांपैकी एक ‘बेसबॉल’ होता. १९८३ च्या खेळाचाच हा हातातला अवतार होता आणि त्यात मारिओ आणि लुईजी ही निन्टेन्डोची लाडकी पात्रे पिचर म्हणून उभी होती. पडद्यावर १६० गुणिले १४४ ठिपके आणि करड्या-हिरवट रंगाच्या चार छटा एवढीच सामग्री होती. दोन यंत्रे तारेने जोडून दोघांना एकमेकांविरुद्ध खेळता येई.

त्याच सुमारास अटारीचा ‘लिंक्स’ आणि सेगाचा ‘गेम गिअर’ हे रंगीत, उजळ पडद्याचे प्रतिस्पर्धी आले. त्यांना सहा-सहा सेल लागत आणि ते काही तासांतच संपत. गेम बॉयला चार सेल लागत आणि ते कित्येक पट जास्त काळ टिकत. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. सेल किती टिकतो, हा प्रश्न चित्र किती सुंदर दिसते या प्रश्नावर भारी पडला. जिथे सेल ही विकत घ्यायची आणि जपून वापरायची वस्तू होती, त्या भागांत तो आणखीच भारी होता.

यानंतर अधिकृत बेसबॉल खेळ वेगाने वाढत गेले. जपानमध्ये नॅम्कोच्या ‘फॅमिस्टा’ आणि कोनामीच्या ‘पॉवर प्रो’ या मालिका हातातल्या यंत्रांवरही आल्या. सोनीचा ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’, म्हणजे पीएसपी, १२ डिसेंबर २००४ रोजी जपानमध्ये निघाला आणि २००६ पासून त्यावर ‘एमएलबी: द शो’ ही मालिका खेळता येऊ लागली. त्यात खऱ्या संघांची नावे, खऱ्या खेळाडूंचे चेहरे आणि फेकींचे अनेक प्रकार होते. २०२२ मध्ये ही मालिका निन्टेन्डो स्विचवरही आली. प्रत्येक आवृत्तीत तपशील वाढला, तशी यंत्राची किंमत आणि मेमरीची गरजही वाढली.

भारतात आगमन

१९९१ च्या आर्थिक धोरणबदलापूर्वी परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर भारतात मोठे निर्बंध आणि जबर आयातशुल्क होते. हातातले खेळ आखाती देशांतून परतणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून किंवा मुंबईच्या मनीष मार्केटसारख्या बाजारांतून येत. अस्सल गेम बॉय मध्यमवर्गीय घराच्याही आवाक्याबाहेर होता. त्यामुळे भारतातील या खेळाचा मुख्य प्रवाह अधिकृत मार्गाने वाहिला नाही. तो नकलांमधून वाहिला.

नव्वदच्या दशकात फॅमिकॉमच्या तैवान, हाँगकाँग आणि चीनमध्ये बनलेल्या नकला भारतात ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी विकल्या जाऊ लागल्या. ‘सामुराई’ हे नावही त्या काळातल्या मुलांच्या परिचयाचे होते. महाराष्ट्रात या सगळ्याला सरसकट ‘व्हिडिओ गेम’ आणि त्यात घालायच्या खेळाला ‘कॅसेट’ म्हणत. एका कॅसेटमध्ये अनेक खेळ असत आणि वेष्टनावर ‘९९९९ इन १’ असा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात त्यात थोडेच खेळ असत आणि तेच थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा येत. अशा कॅसेटमध्ये जागा वाचवण्यासाठी लहान आकाराचे जुने खेळ भरले जात. २४ किलोबाइटचा ‘बेसबॉल’ त्या मापात अचूक बसे. म्हणून मारिओ, सर्कस चार्ली, रोड फायटर यांच्या शेजारी तोही यादीत दिसे. खेळाला भारतात मागणी होती म्हणून तो आला नव्हता. तो आकाराने लहान होता म्हणून आला.

ज्या मुलाला फक्त क्रिकेट ठाऊक होते त्याने हा खेळ क्रिकेटच्या नजरेतूनच समजून घेणे स्वाभाविक होते. तीनदा बॅट हुकली की आउट, चेंडू उडून हातात गेला तर झेल, मारल्यावर पळायचे, या गोष्टी लगेच कळत. पण चार वाईट चेंडूंवर बेस मिळतो, किंवा मागच्या बाजूला गेलेल्या जोरदार फटक्याला धावा मिळत नाहीत, हे कोडे वाटे. पुस्तिका नसे, असली तरी परकीय भाषेत असे. नियम चुका करत आणि एकमेकांना विचारत शिकावे लागत.

याच काळात हातातला खरा सार्वत्रिक खेळ ठरला तो ‘ब्रिक गेम’. आडवे दहा आणि उभे वीस चौकोन असलेला एलसीडी पडदा, दोन पेन्सिल सेल आणि त्यात विटा रचण्याचा, गाडीचा, रणगाड्याचा असे काही खेळ. त्यात बेसबॉल नव्हता, पण त्याने एक सवय लावली. खेळ ही टीव्हीपासून सुटी, खिशात घालून नेण्याची वस्तू आहे, ही ती सवय. सेल उतरू लागले की मुले ते काढून उन्हात ठेवत आणि पुन्हा घालून आणखी एखादा डाव खेळून घेत.

नंदुरबारचा भूगोल आणि खेळ

नव्वदच्या दशकाच्या बहुतांश काळात हा भाग धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६ लाख ४८ हजारांच्या आसपास आणि तीत सुमारे ६९ टक्के आदिवासी. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा हे इथले प्रमुख समाज. घरात भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी, बाजारात गुजराती आणि शाळेत मराठी अशी इथल्या अनेक मुलांची भाषिक दिनचर्या असते. शब्द न वाचता खेळता येईल असा खेळ अशा ठिकाणी सहज रुजतो.

जिल्ह्याचे दोन भाग पडतात. तापीकाठचा सपाट भाग सुरत-भुसावळ रेल्वेमार्गामुळे सुरतच्या बाजारपेठेशी जोडलेला आहे. नंदुरबार, नवापूर ही त्याच मार्गावरची स्थानके. नवापूरचे स्थानक तर महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांच्या हद्दीत पसरलेले आहे. दुसरा भाग सातपुड्याचा, अक्कलकुवा आणि अक्राणीकडचा. तिथल्या अनेक पाड्यांवर वीज फार उशिरा पोहोचली आणि काही ठिकाणी सौर दिव्यांवरच भिस्त राहिली. टीव्हीला जोडायचा संच सपाट भागातल्या गावांत चालू शकत होता. डोंगरात त्याला टीव्हीही नव्हता आणि वीजही नव्हती. तिथे सेलवर चालणाऱ्या वस्तूलाच अर्थ होता: विजेरी, रेडिओ आणि त्यांच्या मागून हातातला खेळ.

वस्तू डोंगरात जाण्याचे मार्गही ठरलेले आहेत. आठवडे बाजार हा त्यांतला पहिला. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. ती घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असली तरी तिथे संसाराच्या वस्तूंपासून खेळण्यांपर्यंत सगळ्यांची दुकाने लागतात. होळीच्या आधीच्या दिवसांत भोंगऱ्या बाजार भरतात. ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेली कुटुंबे होळीला गावी परततात, तेव्हा हातात थोडा पैसा असतो आणि घरातल्या मुलांसाठी काही घेतले जाते. सुरतकडच्या कामाच्या ठिकाणांहून मोबाइल, स्पीकर अशा वस्तू घरी येतात, त्याही याच वाटेने.

बॅट आणि चेंडूची जाण इथल्या मुलांना पडद्याकडून शिकावी लागत नाही. विटी-दांडूत खळग्यावरची विटी कोलायची, उडालेल्या विटीला टोला हाणायचा आणि समोरच्यांनी ती झेलली तर बाद व्हायचे. हवेत उडालेल्या वस्तूला नेमक्या क्षणी मारण्याचे हे कौशल्य बेसबॉलच्या गाभ्याच्या क्रिकेटपेक्षाही जवळ आहे. भिल्ल समाजातील तिरकमठ्याची परंपरा आणि गोफण यांतही नेमका क्षण साधण्याची हीच जाण लागते.

मैदानावरचा बेसबॉलही या भागाला पूर्ण परका नाही. भारतात सॉफ्टबॉलची राष्ट्रीय संघटना १९६१ मध्ये आणि बेसबॉलची १९८३ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्राच्या शालेय क्रीडास्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ आहेत. पण त्यासाठी हातमोजे, रबरी बेस, हेल्मेट, बॅट असे महाग साहित्य लागते. एखाद्या आश्रमशाळेला ते उभे करणे अवघड जाते. हातातल्या यंत्रावर यांपैकी काहीच लागत नाही.

नोकियाची बॅटरी आणि ४०० खेळ

मोबाइल आल्यावर हातातल्या खेळाचा पुढचा टप्पा सुरू झाला. नोकियाच्या साध्या फोनमधला साप हा अनेकांचा पहिला खेळ. १९९९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या इंडियागेम्स कंपनीने छोट्या पडद्याच्या फोनसाठी खेळ बनवले आणि त्यांत क्रिकेट अर्थातच होते. पीएसपीसाठीही भारतात खेळ तयार झाले. हैदराबादच्या गेमशास्त्र कंपनीच्या ‘देसी अड्डा’मध्ये कबड्डी आणि गिल्ली-दांडा होते. मुंबईच्या ट्राइन स्टुडिओने २०१० मध्ये ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आणला आणि गल्लीतले क्रिकेट हातातल्या पडद्यावर दिसू लागले. हे खेळ अधिकृत होते आणि भारतीय मुलांच्या ओळखीचे होते. पण पीएसपीची किंमत हजारो रुपयांत होती. छोट्या गावांपर्यंत ते फारसे पोहोचू शकले नाहीत.

पोहोचली ती वेगळीच वस्तू. फॅमिकॉमचे दोन मुख्य भाग, म्हणजे हिशोब करणारी चिप आणि चित्र काढणारी चिप, नव्वदच्या दशकातच नकला करणाऱ्यांनी एका चिपमध्ये एकत्र केले होते. काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली झाकलेली ही चिप वर्षागणिक स्वस्त होत गेली. २०१० नंतरच्या दशकात तिला तीन इंचांचा रंगीत पडदा जोडून गेम बॉयसारखी दिसणारी यंत्रे चीनमधून येऊ लागली. भारतात त्यांपैकी ‘सुप ४०० इन १’ हे नाव सर्वाधिक पसरले. ऑनलाइन दुकानांत आणि मोबाइलच्या सामानाच्या दुकानांत ते काही शे रुपयांना मिळू लागले. त्यात सेल नसून ‘बीएल-५सी’ मापाची सपाट बॅटरी असते. नोकिया ११०० सारख्या फोनमध्ये हीच बॅटरी होती. भारतातल्या अगदी लहान बाजारातही ती मिळते आणि छोट्या चार्जरवर किंवा सौर दिव्याच्या यूएसबी तोंडावर भरता येते. टीव्ही नको, इंटरनेट नको, कॅसेट नको.

या यंत्रांतल्या खेळांच्या याद्या एका उत्पादकाकडून दुसऱ्याकडे थोड्या बदलतात. पण त्यांतला मोठा भाग १९८३ ते १९८६ या काळातल्या लहान आकाराच्या खेळांचा असतो. ‘बेसबॉल’ या नावाखाली त्यांत जे सुरू होते ते मियामोतो यांच्या काळचेच २४ किलोबाइट असतात. मूळ हक्कदाराच्या परवानगीशिवाय ते भरलेले असतात, म्हणून त्यावर ना कंपनीचे नाव असते ना पुस्तिका. चाळीस वर्षांपूर्वी क्योटोत आखलेला खेळ अशा रीतीने एकही ओळ न बदलता नव्या हातांत गेला. योकोई यांचे जुन्या, स्वस्त भागांचे सूत्र इथे त्यांच्याच कंपनीच्या खेळावर लागू झाले.

स्मार्टफोनने या चित्रात भर घातली. स्वस्त इंटरनेट आल्यावर फोनच हातातले मुख्य खेळयंत्र झाला. गूगलने जून २०१७ मध्ये क्रिकेटचा आणि ४ जुलै २०१९ रोजी बेसबॉलचा छोटा खेळ आपल्या मुखपृष्ठावर ठेवला. दोन्ही एका बोटाने खेळायचे. क्रिकेटचा खेळ मंद नेटवर्कवरही चालावा म्हणून मुद्दाम अतिशय लहान ठेवला होता. मर्यादेतून रचना घडवण्याची ही जुनीच रीत. पण सातपुड्यात नेटवर्क सगळीकडे मिळत नाही आणि घरातला एकमेव फोन बहुतेक वेळ मोठ्यांच्या हातात असतो. इंटरनेटशिवाय चालणाऱ्या आणि मुलाचे स्वतःचे असलेल्या यंत्राची जागा त्यामुळे टिकून आहे.

दोन वाटा

हातातल्या बेसबॉलच्या इतिहासात अशा दोन वाटा दिसतात. पहिली वाट भर घालत गेली. मॅटेलच्या लाल ठिपक्यांपासून ‘द शो’पर्यंत प्रत्येक पायरीवर खेळाडूंची नावे, चेहरे, फेकींचे प्रकार आणि आकडेवारी वाढली. तिचा ग्राहक अमेरिका आणि जपानमधला, खरा बेसबॉल पाहणारा आहे. दुसरी वाट १९८३ मध्येच थांबली आणि तिथूनच पसरली. तिने खेळात काहीही वाढवले नाही, फक्त यंत्राची किंमत उतरवत नेली. तिचा ग्राहक असा मुलगा किंवा मुलगी आहे, ज्याने खरा सामना कधी पाहिलेला नाही.

नंदुरबारसारख्या जिल्ह्याशी या खेळाचे नाते दुसऱ्या वाटेने जुळते. ते जुळायला चार गोष्टी एकत्र याव्या लागल्या: विजेच्या जाळ्यावर अवलंबून नसलेले यंत्र, कुठल्याही बाजारात मिळणारी बॅटरी, भाषेची गरज नसलेला खेळ आणि एका क्षणावर तोललेला सामना. यांतल्या शेवटच्या दोन गोष्टी बेसबॉलच्या रचनेतच होत्या. पहिल्या दोन बाजाराने पुरवल्या. मैदान, हातमोजे, संघ, प्रेक्षक आणि उंच-खालच्या चेंडूचा प्रश्नही वगळल्यावर पिचर आणि बॅटर यांच्यातली लढत तेवढी शिल्लक राहिली आणि ती जिथे तिथे चालणारी ठरली. जिल्ह्यातल्या शाळांना बेसबॉलचे साहित्य मिळाले, तर स्ट्राइक, बेस आणि आउट यांची तोंडओळख झालेली काही मुले तिथे आधीच असू शकतील. शालेय स्पर्धांची चौकट राज्यात तयारच आहे, त्यामुळे पडद्यावरच्या या ओळखीचा मैदानावर उपयोग करून घेणे शिक्षकांना शक्य आहे.